जनगणनेचे आकडे नकाशावर तपासायचे तर: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

नागालँडची लोकसंख्या १९९१ साली १२ लाख १० हजारांच्या जवळ होती. २००१ च्या जनगणनेत ती १९ लाख ९० हजार निघाली, म्हणजे दहा वर्षांत ६४.५३ टक्क्यांची वाढ. मग २०११ साली ती १९ लाख ७९ हजार भरली. वाढ तर सोडाच, अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्तच घट. यातला एखादा आकडा गडबडलेला आहे हे कळायला नकाशा लागत नाही, साधा हिशेब पुरतो. पण गडबड नेमकी कोणत्या गावांत, कोणत्या वस्त्यांत झाली असं कुणी विचारलं की बेरजेचा तक्ता गप्प बसतो. तिथून पुढचं काम नकाशाचं.

तक्ते हाताळता येतात, पण जीआयएस, म्हणजे नकाशावर आकडे जोडून बघायचं सॉफ्टवेअर, कधी उघडलेलं नाही, अशा वाचकासाठी हे लिहितोय. पदवी लागत नाही, पैसेही लागत नाहीत. चिकाटी मात्र लागते, कारण यातला बराचसा वेळ कोड जुळवण्यात जातो.

सुरू करण्याआधी: संशयाचा क्रम

नकाशा माणसं मोजत नाही. उपग्रहाला छतं दिसतात, रस्ते दिसतात, रात्रीचे दिवे दिसतात. छताखाली दोघं राहतात की बारा, हे त्याला कळत नाही. म्हणून नकाशावरून 'आकडा चुकला' असं कधीच सिद्ध होत नाही. 'इथे जाऊन बघा' एवढंच तो सांगतो. पण मोजणीसाठी पाडलेल्या हजारो गटांमधून बघण्यासारखे चाळीस गट वेगळे काढून हातात ठेवणं, हेही मोठं काम आहे.

या कामात पडलात की नकाशावर लाल ठिपके दिसतील आणि तुम्हाला घबाड सापडल्यासारखं वाटेल. थांबा. माझ्या पहिल्या नकाशात अख्खा एक पट्टा लालभडक झाला होता. दोन दिवस मी खोट्या नोंदींच्या गोष्टी रचत होतो. शेवटी निघालं काय, तर तक्ता उघडताना कोडांपुढची शून्यं उडाली होती. तेव्हापासून संशयाचा एक क्रम पाळतो: आधी माझी स्वतःची जोडणी, मग हद्दी, मग व्याख्या आणि तारखा, आणि या सगळ्यातून जे उरेल त्यावर, सगळ्यात शेवटी, मोजणी. खालच्या पायऱ्यांत व्याख्या आणि तारखा सातव्या पायरीला येतात, पण निष्कर्ष काढताना क्रम हाच.

काय काय जमवायचं

सॉफ्टवेअर म्हणून क्यूजीआयएस पुरेसं आहे. ते मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

माहितीचे चार थर लागतात. पहिला, जनगणनेचा तक्ता, मिळेल तितक्या लहान पातळीचा. प्रगणन गट म्हणजे एका प्रगणकाला नेमून दिलेला घरांचा समूह. त्या पातळीचे आकडे मिळाले तर उत्तम. पुष्कळ देशांत ते बाहेर देत नाहीत, मग गाव किंवा वॉर्डावर भागवावं. लोकसंख्येबरोबर कुटुंबांची संख्या असलेला तक्ता निवडा, तिचा उपयोग पुढे कळेल. दुसरा थर त्याच पातळीच्या हद्दींचा. तिसरा इमारतींचा. आणि चौथा, डोळ्यांनी बघण्यासाठी उपग्रहचित्रांचा.

इमारतींसाठी आज दोन मोठे साठे मोफत आहेत. गूगलच्या ओपन बिल्डिंग्जच्या तिसऱ्या आवृत्तीत १८० कोटी इमारती आहेत. त्यात आफ्रिका, दक्षिण आणि आग्नेय आशिया, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन येतात. प्रत्येक इमारतीपुढे तिचं क्षेत्रफळ असतं, आणि ही खरंच इमारत असल्याची यंत्राला किती खात्री आहे याचा ०.६५ ते १ असा गुणांक असतो. दुसरा साठा मायक्रोसॉफ्टचा. ओपनस्ट्रीटमॅपवर स्वयंसेवकांनी हातानं काढलेल्या इमारती मिळतात. जिथे कुणी मन लावून काम केलंय तिथे त्या फार चांगल्या, नाहीतर पानच कोरं.

आता एक सापळा, ज्यात नवखे हमखास पडतात. इंटरनेटवर लोकसंख्येचे तयार चौकडी नकाशे मिळतात. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या वर्ल्डपॉपचे १०० मीटरच्या चौकटींचे नकाशे सगळ्यांत प्रसिद्ध. कुणीही म्हणेल, जनगणनेचा आकडा याच्याशी ताडून बघू. पण यातले बहुतेक नकाशे जनगणनेचाच आकडा घेऊन, तो इमारती-रस्त्यांच्या आधारानं चौकटींमध्ये वाटून तयार होतात. म्हणजे तुम्ही जनगणना जनगणनेशीच ताडत बसता, आणि आकडे जुळले म्हणून खूश होता. आरशात बघून स्वतःची ओळख पटवण्यातला प्रकार. वर्ल्डपॉप काही देशांसाठी निवडक ठिकाणी माणसं मोजून, त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधणारे वेगळे नकाशेही करतं. ते चालतील. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेचा लँडस्कॅन हा तिसराच प्रकार. त्यात दिवसरात्रीची सरासरी हजेरी असते, त्यामुळे ऑफिसांच्या भागात माणसं जास्त दिसतात. जनगणना त्यांना घरी मोजते. कुठलाही तयार नकाशा घेण्याआधी तो कशापासून बनवलाय, ते वाचा.

पायरी १: तक्ता आणि हद्द यांची गाठ

हद्दीच्या फाईलमधल्या प्रत्येक आकृतीला एक कोड असतो, तक्त्यातल्या प्रत्येक ओळीलाही असतो. जोडणी या कोडावर करायची, नावावर कधीही नाही. एकाच नावाची पाच गावं असतात, आणि एकाच गावाचं नाव पाच तऱ्हांनी लिहिलेलं असतं.

कोडाचा कॉलम दोन्हीकडे मजकूर म्हणून ठेवा. एक्सेल '००२७' उघडताना त्याचं निमूटपणे '२७' करतं, आणि सोळा-सतरा अंकी कोड असेल तर शेवटचे आकडे शून्य करून टाकतं. फाईल दुहेरी क्लिकनं न उघडता डेटा आयात करण्याच्या मार्गानं उघडा आणि तिथेच त्या कॉलमचा प्रकार ठरवा.

जोडून झालं की तीन याद्या काढा. हद्द आहे पण आकडा नाही, असे गट. आकडा आहे पण हद्द नाही, असे गट. आणि दोनदा आलेले कोड. या तिन्ही रिकाम्या झाल्याशिवाय किंवा त्यातल्या प्रत्येक ओळीचं कारण सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेवटी नकाशावरच्या सगळ्या गटांची बेरीज करा. ती प्रसिद्ध झालेल्या एकूण लोकसंख्येशी अगदी शेवटच्या माणसापर्यंत जुळली पाहिजे, किंवा ती का जुळत नाही हे तरी सांगता आलं पाहिजे.

पायरी २: हद्दींची झडती

हद्दी आभाळातून पडत नाहीत. कुणीतरी त्या कागदावर काढल्या, कुणीतरी त्यावरून संगणकात गिरवल्या. प्रगणकाचा नजरी नकाशा तर नावाप्रमाणेच नजरेच्या अंदाजानं काढलेला. त्यात रेष चार घरं इकडे-तिकडे होणं स्वाभाविक आहे. पण ती चार घरं कुणाच्या वाट्याला गेली, हाच आपला प्रश्न.

क्यूजीआयएसमध्ये टोपॉलॉजी तपासणीचं साधन आहे. त्याला दोन गोष्टी शोधायला सांगा: दोन गटांमधल्या फटी आणि दोन गट एकमेकांवर चढलेल्या जागा. शेकड्यानं सापडतील, बहुतेक केसाएवढ्या. त्यांना क्षेत्रफळाच्या क्रमानं लावा आणि मोठ्यांपासून सुरुवात करा. प्रत्येक मोठ्या फटीखाली उपग्रहचित्र लावून बघा, आत घरं आहेत का. फटीत वस्ती असेल, तर ती मोजायला कुणालाच पाठवलं गेलं नसण्याची शक्यता आहे. चढलेल्या भागात वस्ती असेल, तर दोन प्रगणक तिथे गेलेले असू शकतात. जनगणना अजून व्हायची असताना ही तपासणी केली तर दुरुस्ती जवळपास फुकटात होते. नंतर केली तर फक्त स्पष्टीकरण हाती लागतं. त्यामुळे हद्द-तपासणी मोजणीच्या आधी करण्याकडे जगभरातल्या सांख्यिकी कार्यालयांचा कल असतो.

क्षेत्रफळाबद्दल एक खबरदारी. अक्षांश-रेखांशात असलेल्या नकाशावर साधं क्षेत्रफळ काढलं तर उत्तर चौरस अंशांत येतं, आणि त्याला काही अर्थ नसतो. क्यूजीआयएसमध्ये क्षेत्रफळाची दोन सूत्रं आहेत. डॉलरच्या चिन्हानं सुरू होणारं सूत्र पृथ्वीचा गोलवा धरून हिशेब करतं, दुसरं सपाट कागदाचा हिशेब करतं. पहिलं वापरा, किंवा थर आधी आपल्या भागाच्या यूटीएम पट्ट्यात, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत, बदलून घ्या. मग अधिकृत क्षेत्रफळाशी ताडा. फरक ठळक असेल तर हद्दीची फाईल जुनी असणार, किंवा एखादा गट मधल्या काळात फुटलेला असणार.

पायरी ३: छतं मोजा

इमारतींच्या आकृत्या जशाच्या तशा गटांवर टाकल्या तर सीमेवरची इमारत दोन्ही गटांत मोजली जाते. म्हणून आधी प्रत्येक इमारतीचा मध्यबिंदू काढा आणि मग कोणत्या गटात किती बिंदू पडले ते मोजा. दोन्हींची साधनं तयार आहेत. माहिती मोठी असेल तर स्थान-अनुक्रमणिका, म्हणजे स्पेशियल इंडेक्स, आधी बनवून घ्या. नाहीतर संगणक रात्रभर गुरगुरत राहील.

मोजण्याआधी थोडी चाळणी हवी. फारच लहान आकृत्या, समजा १० चौरस मीटरच्या खालच्या, बहुधा पाण्याच्या टाक्या, गाड्या किंवा सावल्या असतात. खात्रीचा गुणांक कुठे तोडायचा, ते आपल्या भागातली पन्नास-शंभर छतं स्वतः बघून ठरवा, दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका. फार मोठ्या आकृत्या म्हणजे गोदामं, कारखाने, कोंबड्यांच्या शेड, हरितगृहं. त्या वेगळ्या यादीत काढा.

छतांच्या या मोजणीत दोन्ही बाजूंनी चुका होतात, आणि त्या सगळीकडे सारख्या होत नाहीत. दाट झोपडवस्तीत पत्र्याला पत्रा लागलेला असतो, तिथे यंत्राला चाळीस घरांचं एकच छत दिसतं. झाडीत लपलेली, गवतानं शाकारलेली घरं त्याला दिसतच नाहीत. भटक्या पशुपालकांचे तंबू चित्र घेतलं त्या दिवशी तिथे असतील तरच दिसणार. आणि मजले तर वरून कळतच नाहीत, दहा मजली इमारत आणि बैठं घर वरून सारखंच. म्हणून शहरात छतांच्या संख्येऐवजी छतांचं एकूण क्षेत्रफळ घेणं बरं, आणि उंच इमारतींचा भाग तर वेगळाच काढून ठेवावा.

पायरी ४: माणसं भागिले छतं

इथे खरी मजा सुरू होते. प्रत्येक गटाची लोकसंख्या तिथल्या छतांच्या संख्येनं भागा. मग गटांची वर्गवारी करा: विरळ ग्रामीण, दाट ग्रामीण, शहरी बैठी घरं, शहरी उंच इमारती, असं काहीतरी. प्रत्येक वर्गाचं मध्यक काढा, म्हणजे सगळे आकडे क्रमानं लावले की अगदी मधोमध येतो तो. सरासरी नको, कारण एकच वेडावाकडा गट तिला ओढून नेतो. मध्यक जागचं हलत नाही.

एखादा गट मध्यकापासून किती दूर आहे हे मोजताना गुणोत्तराचा लॉगॅरिथम घ्या. कारण साधं आहे: मध्यकाच्या दुप्पट असणं आणि निम्मं असणं या दोन्ही सारख्याच विचित्र गोष्टी आहेत, पण साध्या वजाबाकीत दुप्पट जास्त दूर दिसतं. लॉग घेतला की दोन्ही बाजू समान होतात. मग प्रत्येक गटाचं मध्यकापासूनचं अंतर काढा, त्या अंतरांचंही मध्यक काढा आणि त्याला १.४८२६ ने गुणा. याच्या तिपटीहून दूर असलेले गट ही तुमची पहिली संशयित यादी.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा १२० ग्रामीण गटांचं मध्यक दर छतामागे ३.४ माणसं आहे. यादीत दोन गट वर आलेत. १७ क्रमांकाच्या गटात ३१८ छतं आणि फक्त ९६ माणसं, म्हणजे छतामागे ०.३. १८ क्रमांकाच्या गटात ४१ छतं आणि १,१८० माणसं, म्हणजे छतामागे जवळजवळ २९. एकटा १८ बघितला तर कुणीही म्हणेल, फुगवलेला आकडा आहे. एकटा १७ बघितला तर वाटेल, प्रगणक गेलाच नाही. दोन्ही शेजारी आहेत हे नकाशावर दिसतं, आणि बेरीज केली की ३५९ छतांमागे १,२७६ माणसं निघतात. म्हणजे छतामागे ३.५५. अगदी नेहमीसारखं! कुणी खोटं लिहिलेलं नाही, कुणी सुटलेलंही नाही. दोन गटांचे क्रमांक एकमेकांत बदलले गेलेत.

ही जोडी-तपासणी मी सगळ्या संशयितांवर करतो. प्रत्येक संशयित गटाला त्याच्या प्रत्येक शेजाऱ्याशी जोडून बघायचं. बेरजेनं गुणोत्तर ताळ्यावर आलं तर चूक क्रमांकाची किंवा हद्दीची, माणसांची नव्हे. यादी या एका चाळणीतून किती आटते ते स्वतःच बघा.

कुटुंबांच्या संख्येचा उपयोगही इथेच आहे. माणसं भागिले छतं विचित्र असेल, तर त्याचे दोन तुकडे करा: छतामागे कुटुंबं किती आणि कुटुंबामागे माणसं किती. पहिला तुकडा विचित्र असेल तर घरं सुटलीत, घरं जास्तीची लिहिलीत किंवा छतंच नीट दिसलेली नाहीत. दुसरा विचित्र असेल तर घरं बरोबर आहेत, पण आतली माणसं वाढवली किंवा गाळली गेलीत. दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी.

पायरी ५: मागच्या जनगणनेशी ताडणं

दोन जनगणनांच्या मधला वाढीचा वेग गटागटानं काढून नकाशावर रंगवा. नंतरची लोकसंख्या भागिले आधीची, त्याचा नैसर्गिक लॉग, भागिले वर्षं. ६४.५३ टक्क्यांची दशकाची वाढ म्हणजे वर्षाला जवळपास ५ टक्के. नुसत्या जन्म-मृत्यूच्या फरकानं इतका वेग येत नाही, माणसं बाहेरून आलेली असावी लागतात. आणि माणसं आली तर ती कुठेतरी राहतात, म्हणजे नवी छतं, नवे रस्ते दिसायला हवेत. हे बघायला सेंटिनेल-२ ची चित्रं चांगली. एका ठिपक्यात १० मीटर जमीन मावते, त्यामुळे एकेक घर नीट उठत नाही, पण नवी वसाहत लगेच कळते. सेंटिनेल-२ च्या आधीच्या काळासाठी लँडसॅट आहे. तिचा साठा १९७२ पर्यंत मागे जातो, पण ३० मीटरची चित्रं १९८२ पासूनची, त्याआधीची याहून ढोबळ.

केनियात २००९ च्या जनगणनेनंतर सरकारनं उत्तरेकडच्या आठ जिल्ह्यांचे निकाल बाजूला ठेवले होते. तिथल्या वाढीचा वेग जन्म-मृत्यूच्या हिशेबात बसत नव्हता आणि वय-लिंगाची रचनाही अपेक्षेशी जुळत नव्हती. मला यातली शिकण्यासारखी गोष्ट ही वाटते की आक्षेप एकाच कसोटीवर उभा नव्हता. नकाशावरही तसंच करावं. वेग, छतं आणि कुटुंबाचा आकार या तिन्हींत जो गट अडकतो, तोच वर घ्यावा.

मधल्या काळात हद्दी बदललेल्या असतात, हा इथला मोठा त्रास. नवं नगर तयार होतं, शेजारची गावं त्यात जातात, आणि नकाशावर एक गाव रिकामं झाल्यासारखं दिसतं. जुन्या आणि नव्या हद्दी एकावर एक टाका, आणि बदललेले गट एकत्र करून मोठे, दोन्ही काळांत समान राहणारे तुकडे बनवा. जुनी लोकसंख्या नव्या हद्दींत क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटायचा मोह टाळा. माणसं शेतात आणि तळ्यात समान पसरलेली नसतात. वाटायचीच वेळ आली तर छतांच्या प्रमाणात वाटा.

रात्रीच्या दिव्यांबद्दल लोक फार उत्साहानं बोलतात. मी तो थर क्वचित वापरतो. दिवे विजेचे आणि पैशाचे असतात, माणसांचे नव्हेत.

पायरी ६: जीपीएसच्या नोंदी असतील तर

मोजणी टॅबलेटवर किंवा मोबाईलवर झाली असेल आणि तुम्ही कार्यालयाच्या आतले असाल, तर प्रत्येक कुटुंबाच्या नोंदीबरोबर जागा आणि वेळही असते. हा खजिना आहे. आधी बिंदू नेमलेल्या गटाच्या आत पडतात का ते बघा. उघड्यावर मोबाईलचा जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतो, पण उंच इमारतींच्या अरुंद गल्लीत तो बराच भरकटतो. त्यामुळे हद्दीच्या काठावरचे बिंदू माफ करा. गिनीच्या आखातात बिंदू पडले असतील तर घाबरू नका: अक्षांश शून्य, रेखांश शून्य ही जागा तिथे समुद्रात आहे, आणि जीपीएस न मिळालेल्या नोंदी जगभरातून तिथेच जाऊन बसतात.

मग गठ्ठे शोधा. साठ कुटुंबांच्या नोंदी पंधरा मीटरच्या वर्तुळात असतील आणि खाली चित्रात एकच छत असेल, तर फॉर्म एका जागी बसून भरलेत. पण तेही लगेच खोटं समजू नका. वस्तीतल्या एखाद्या ओट्यावर सगळ्यांना बोलावून घेतलं असेल. वेळ बघा. दोन नोंदींमध्ये दोन-दोन मिनिटं असतील आणि कुटुंबांत सहा-सहा माणसं, तर प्रश्न विचारले गेले नाहीत. उलट दोन नोंदींमध्ये तीन मिनिटं आणि चार किलोमीटर असतील तर जागेची नोंद तरी चुकली किंवा वेळेची तरी. शेवटी उलटा प्रश्न: आजूबाजूला बिंदूच नाहीत अशी छतं कुठे दिसतात? सुटलेल्या वस्त्या याच थरात सापडतात. मोजणी चालू असताना हे रोज संध्याकाळी बघितलं तर पर्यवेक्षकाला दुसऱ्या दिवशीच तिथे पाठवता येतं.

पायरी ७: उरलेल्यांची कारणं

आता यादीत थोडेच गट उरले असतील. प्रत्येक गट स्वतः उघडून, मोठा करून बघा. छतामागे खूप माणसं असलेल्या गटात वसतिगृह, तुरुंग, छावणी, इस्पितळ आहे का? खूप कमी माणसं असलेल्या गटात बाजारपेठ, सुट्टीतली घरं, न विकलेल्या सदनिका आहेत का?

व्याख्या वाचा. काही जनगणना माणसाला तो त्या रात्री जिथे होता तिथे मोजतात, काही नेहमीच्या राहत्या जागी. हंगामी मजुरांच्या गावांत या दोन आकड्यांत प्रचंड तफावत पडते. तारीखही बघा. भारतात २०११ साठी १ मार्चची मध्यरात्र हा संदर्भक्षण होता, पण बर्फाच्छादित भागांसाठी तो १ ऑक्टोबर २०१० होता. तुमचं चित्र तीन वर्षांनंतरचं असेल तर मधे बांधलेली घरं मोजणीची चूक ठरत नाहीत.

आणि एक कारण असं, जे माहीत नसलं तर माणूस हकनाक आठवडे घालवतो: काही देश व्यक्तींची माहिती झाकण्यासाठी लहान पातळीच्या आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळतात. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत हे झालं. त्यामुळे तिथल्या एखाद्या ब्लॉकमध्ये, म्हणजे जनगणनेच्या सगळ्यात लहान तुकड्यात, लोकसंख्या आहे पण राहतं घर नाही, असंही दिसू शकतं. राज्यांच्या एकूण लोकसंख्येला मात्र हात लावलेला नाही. अशा देशात ब्लॉकऐवजी अनेक ब्लॉक मिळून झालेला मोठा तुकडा तपासावा.

नकाशाला जे दिसणार नाही

घर मोजलं गेलं, पण त्यातलं एक बाळ लिहायचं राहिलं, हे कुठल्याही उपग्रहाला दिसत नाही. अशा चुकांसाठी मोजणीनंतर वेगळ्या लोकांकडून नमुना पडताळणी करतात. काही गट नव्यानं मोजायचे, आणि दोन्ही याद्यांत किती माणसं जुळली त्यावरून सुटलेल्यांचा अंदाज बांधायचा. अमेरिकेच्या २०२० च्या पडताळणीत चार वर्षांपर्यंतची मुलं निव्वळ २.७९ टक्क्यांनी कमी मोजली गेल्याचं दिसलं. दक्षिण आफ्रिकेच्या २०२२ च्या पडताळणीत एकूण माणसांपैकी तब्बल ३१ टक्के सुटल्याचा अंदाज निघाला आणि अंतिम आकडे त्यानुसार वाढवून जाहीर झाले. तुमची संशयित यादी अशा पडताळणीच्या जोडीनं वापरा, तिच्या ऐवजी नको. पडताळणीचे गट यादृच्छिक निवडलेले असतात. त्यात तुमचे संशयित गट घुसवले तर अंदाजच बिघडतो. ते वेगळ्या फेरीत बघावेत.

यादी कशी द्यायची

शेवटचा तक्ता साधा ठेवा. गटाचा कोड, लोकसंख्या, छतं, गुणोत्तर, वर्गाचं मध्यक, चित्राची तारीख, काय दिसलं, कोणतं कारण तपासून बाद केलं, आणि पुढे काय करावं. 'बोगस' हा शब्द कुठेही लिहू नका. 'जुळत नाही' एवढंच पुरे. तपासून निर्दोष ठरलेले गटही कारणासकट यादीत ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा कुणीतरी त्याच गोदामाला पुन्हा वस्ती समजून धावेल. आणि कामाची पहिली यादी, गाळणी लावण्याआधीची, जपून ठेवा. कुणी विचारलं की इतके गट का गळले, तर उत्तर तिच्यात असतं.

कुटुंबांचे जीपीएस बिंदू मात्र तक्त्यासोबत जाऊ देऊ नका, चित्रात सुद्धा नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जनगणना कार्यालयानं लहान भागांनुसार काढलेले जपानी वंशाच्या रहिवाशांचे आकडे त्यांना उचलून छावण्यांत नेण्यासाठी वापरले गेले होते. त्यात एकाचंही नाव असायची गरज पडली नाही. गटापेक्षा लहान पातळीचं काहीही बाहेर द्यायचं नाही, आणि काम संपलं की बिंदूंची प्रत आपल्या लॅपटॉपवरून पुसून टाकायची.